नरसू, तुझी भीती माझ्याकडे राहिली

नरसू, परवा सकाळी घराबाहेर पडताना मी स्टोव्हची किल्ली तपासली. दारापर्यंत गेले, परत आले आणि पुन्हा तपासली. स्टोव्ह केव्हाचाच गार झाला होता, तरी हात लावून बघितला. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काय गं, आता तू बी नरसूसारखं करायलीस की!" मी हसले. हसता हसता उंबऱ्यावर बसले आणि मग मला रडू आवरेना.

तुला जाऊन अजून पंधरवडाही झालेला नाही. कारखान्यातली जी ती बाई भेटते ती म्हणते, "बिचारी लई भित्री होती." मला असा राग येतो! तुला भित्री म्हणायचा हक्क माझा होता. इतकी वर्षं एका बाकावर मांडीला मांडी लावून बसले, तेव्हा कुठं तो मिळाला होता. या बायकांना कुणी दिला?

आणि भित्री म्हणजे तरी किती! तू कशाला भीत नव्हतीस ते सांगणं सोपं आहे. उंदराला. उंदीर निघाला की आम्ही सगळ्या बाकावर चढून ओरडायचो आणि तू त्याला शेपटीला धरून खिडकीबाहेर टाकायचीस, वर हात धुऊन निवांत डबा खायचीस. बाकी सगळ्याला भ्यायचीस. करंटला भ्यायचीस, म्हणून पायाखाली लाकडी फळी घेतल्याशिवाय कामाला हात लावायचा नाहीस. सुपरवायझरला भ्यायचीस. डब्यात जास्तीचं कालवण आणलं की कुणाची नजर लागेल म्हणून भ्यायचीस. तुझं तेलुगूतलं 'भयमैतुंदी' सगळ्या टेबलाला पाठ झालं होतं. भीती वाटते गं, एवढाच त्याचा अर्थ, पण तू म्हणायचीस तेव्हा तो शब्द अंगावर पांघरूण ओढून घेतल्यासारखा यायचा.

आठवतं, आपण रेडिओला आवाज जातो का यावर भांडलो होतो? होटगी रस्त्यावरच्या त्या लांबट शेडमध्ये दिवसभर आपण ट्रान्झिस्टर जुळवायचो. बारीक बारीक तारा पट्टीवर सोल्डरनं जोडायच्या, झाकण लावायचं, सेल घालायचे आणि शेवटी स्टेशन लावून बघायचं. साहेब म्हणायचे, कुठलंही लावा, स्वच्छ ऐकू आलं की झालं. मी गुलबर्ग्याची कानडी गाणी लावायची, तू हैदराबाद शोधायचीस, पलीकडच्या बायका सांगली. तीन भाषा एकदम वाजायच्या आणि त्या गोंगाटात आपण आपापल्या सासवांच्या तक्रारी करायचो. तुझा सेट चालू झाला की तू मात्र आवाज खाली आणायचीस. मी म्हटलं, "अगं नरसे, स्वतःच्या हातानं आतली तारन्‌तार जोडतेस आणि तुला वाटतंय की तो हैदराबादचा माणूस तुझं बोलणं ऐकतो?"

"ऐकत नाही, मला म्हाईत हाय की," तू म्हणालीस. "पण ऐकलं तर?"

या तुझ्या 'पण तर'वरून मी तुला आयुष्यभर चिडवत आले. कारखान्यातून निघताना गेटपर्यंत यायचीस आणि तिथून परत फिरायचीस, सोल्डरची दांडी बंद केली का बघायला. सिटी बस समोरून निघून जायची. मी तुझ्या नावानं बोटं मोडत उन्हात उभी राहायची. तू परत यायचीस, चेहरा उजळलेला. "बंद हाय," असं मला सांगायचीस, जणू मीच काळजीत होते.

पण एक गोष्ट मी तेव्हा कबूल केली नाही, ती आता करते. कारखाना जाणार हे आधी तुला कळलं. आमच्यातल्या मोठमोठ्यानं बोलणाऱ्यांना नाही, युनियनच्या लोकांना नाही. तुला.

खंडेनवमीला आपण टेबलं धुऊन सोल्डरच्या दांड्या ओळीनं मांडल्या होत्या, मीटरला झेंडूचे हार घातले होते. दरवर्षी मुंबईहून शेठ यायचे आणि नारळ फोडायचे. त्या वर्षी आले नाहीत. गाडी बिघडली म्हणे. नारळ वॉचमननं फोडला. आम्ही पेढ्यावर तुटून पडलो आणि तू हातातला पेढा तसाच धरून मला म्हणालीस, "नारळ कुणी फोडला बघितलंस का?" मी म्हटलं, नारळ फुटल्याशी कारण.  तू तुझं ते विम्याचं कार्ड पिशवीतून काढलंस आणि दांड्यांच्या शेजारी ठेवून त्यालाही हळदकुंकू लावलंस. सगळ्या हसलो. कामगार विम्याच्या कार्डाची पूजा कोण करतं? तू म्हणालीस, "दांडी कारखान्याची. माझं सोताचं हेच हाय की."

नंतर सुपरवायझर गोड बोलायला लागले. जो माणूस जोड जाड झाला म्हणून पट्टी तोंडावर फेकायचा, तो 'अहो ताई' म्हणायला लागला. आम्हाला बरं वाटलं. आम्ही म्हटलं, देवानं बुद्धी दिली. तू फळीवरचे पाय आणखी आवळून घेतलेस आणि म्हणालीस, "वराडणारा मानूस गोड बोलला की मला भयमैतुंदी." मग तुला दिसलं की तयार सेटची खोकी मागच्या भिंतीशी छतापर्यंत गेली आहेत आणि ट्रक येत नाही. लोक म्हणत होते, आता पुण्या-मुंबईत टीव्ही आलाय, मोठ्या कंपन्यांचे स्वस्त रेडिओ आलेत, आपला सेट कोण घेणार? मी तुला सांगितलं, "दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन जगलो तेव्हा याच कारखान्यानं तारलं, तो असा कसा जाईल?" तू म्हणालीस, "आलाय तसा जाईल की."

मी त्या दिवशी तुझ्यावर ओरडले. आता सांगते, मी तुझ्यावर नाही ओरडले. तू म्हणालीस ते माझ्या पोटात केव्हाचंच होतं आणि तू ते बाहेर काढून टेबलावर ठेवलंस, म्हणून ओरडले.

संक्रांत झाली आणि एका सोमवारी गेटला साखळी दिसली. कागद चिकटवला होता. मी मॅट्रिक पास, म्हणून सगळ्यांनी मला पुढं ढकललं. मी वाचायला लागले तर तू माझा दंड धरून म्हणालीस, "मोठ्यानं नको वाचू गं." जसं काही हळू वाचलं असतं तर कारखाना कमी बंद झाला असता. मी हळूच वाचलं. कुणाला ऐकू गेलं नाही, मग पुन्हा मोठ्यानं वाचावं लागलं. मागं एकदम गलका झाला. पुरुष गेट हलवायला लागले. तू मात्र शेडच्या खिडक्यांकडं बघत होतीस. इतकी शांत शेड आपण कधी बघितलीच नव्हती. ना कानडी, ना तेलुगू, ना मराठी.

कलेक्टर कचेरीवर मोर्चा निघाला तेव्हा तू आलीस, हे मला अजून खरं वाटत नाही. माझा पदर मुठीत धरून चाललीस. घोषणा झाली की नुसते ओठ हलवायचीस, आवाज काढायचा नाहीस. मी म्हटलं, "आवाज काढायचा नाही तर आलीस कशाला?" तू म्हणालीस, "तू एकटी हरवशील म्हनून." नरसे, त्या गर्दीत मी कशी हरवले असते? माझा आवाज सगळ्यात मोठा होता. पण परत येताना नव्या पेठेत, माझे मालक ज्या कापडाच्या दुकानात कामाला आहेत त्या दुकानासमोर, मी थांबले. आतून ते माझ्याकडं बघत होते. आता सगळं घर आपल्या एकट्यावर आलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं. मी तुला काही सांगितलं नाही. तू आपणहून मुठीतला पदर सोडलास आणि माझा हात धरलास.

त्यानंतरचे महिने. काय लिहू? तू पूर्व भागातल्या तुझ्या आईच्या ओसरीवर जाऊन पुन्हा बिड्या वळायला बसलीस. केसासारख्या तारा जोडणारी तुझी बोटं तंबाखूनं पिवळी झाली. तुझ्या नवऱ्याचा, व्यंकटअण्णांचा, चादरीचा माग चालू होता म्हणून तुमच्या दोघांचं भागत होतं, पण तुला बिडीचा डबा मांडीवर घ्यायची लाज वाटायची. तुझी आई लोकांना सांगायची की माझी पोरगी रेडिओ करते. तिनं ते सांगणं बंद केलं नव्हतं, ते तुला जास्त लागायचं.

आणि मग ती आवई उठली. कुणी उठवली देव जाणे. आपण अधूनमधून गेटवर जायचो, काही कळतंय का बघायला. तिथं कुणीतरी म्हणालं की कारखाना बंद असताना जे विम्याचं कार्ड दवाखान्यात दाखवतील त्यांची नावं लिहून घेतात. फुकट औषध घेणारे म्हणून. उद्या कारखाना उघडला की आधी त्यांनाच घरी बसवणार. कुणी बघितलं होतं? कुणीच नाही. पण नोकरी गेलेल्या माणसाला वाईट ऐकलं की ते लगेच खरं वाटतं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपापली कार्डं घरात दडवली. तू तुझं देव्हाऱ्यात ठेवलंस. खंडेनवमीचं कुंकू अजून त्याच्या कोपऱ्याला होतं. तुझ्या मनात एवढंच होतं की न वापरलेलं, स्वच्छ कार्ड ज्या बाईकडं असेल, तिला कारखाना आधी बोलावेल.

तुला ताप भरला तेव्हा मी आले होते. तू चादरी पांघरून भिंतीकडं तोंड करून पडली होतीस. व्यंकटअण्णा माग थांबवून दारात उभे होते. ते म्हणाले, "अक्का, तुमी तरी सांगा. माझं ऐकना." गल्लीतल्या कंपाउंडरच्या पुड्या उशाशी पडल्या होत्या. मी तुला म्हटलं, "ऊठ. विम्याच्या दवाखान्यात जाऊ, मी येते सोबत."

"वद्दू," तू म्हणालीस. नको.

"का वद्दू? नाव लिहून घेतील म्हणून? अगं, जिवंत राहिलीस तर नाव."

"कारखान्याचं काम न्हाय आणि कार्ड दाखवायचं, ही चोरी हाय नंदा."

"कसली चोरी? आपल्या पगारातून कापून घेतलंय ते."

तेव्हा तू तोंड वळवलंस. तुझे डोळे तापानं चकाकत होते. "तुझ्या सासूबाईंचा गुडघा इतका सुजलाय," तू म्हणालीस. "तू दाखवलंस का तुझं कार्ड?"

 मी म्हटलं, "भिऊन कुणाचं भलं झालंय नरसे?" तू म्हणालीस, "न भिऊन तुझं काय झालं?" आणि हसलीस. मीही हसले. तू म्हणालीस, आज अंगात ताकद नाही, उद्या बघू. आपला वाद तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी मी रिक्षा घेऊन आले तोवर अण्णा तुला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले होते, आणि तुला त्यांची ओळखही राहिली नव्हती. पुढचं तुला माहीत नाही आणि मला ते लिहायचं नाही.

तुझ्यावर मी रागावले आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावणार. तू एवढी भिऊन भिऊन जगलीस, रोज गेटवरून परत फिरून दांडी बंद आहे का बघितलंस, आणि जिथं खरंच भ्यायला हवं होतं, त्या तापाला तू भ्याली नाहीस. कार्ड दाखवायच्या त्या खिडकीला भ्यालीस.

आता ऐक. तुला सांगायचं ते पुढंच आहे.

परवा आमच्या शकूला ताप भरला. तुझ्या शकूला, जिच्या फ्रॉकला तू चिकनची लेस लावून दिली होतीस. संध्याकाळी शाळेतून आली ती न खाताच झोपली. हात लावला तर चटका बसला. काल दुपारपर्यंत तिचे डोळे तसेच चकाकायला लागले, तुझ्यासारखे. मालक म्हणाले, दुकानातून उचल मिळते का बघतो. सासूबाईंनी दृष्ट काढली. मी नुसती तिच्या अंगावर हात ठेवून बसले होते आणि मला काय व्हायला लागलं ते मला सांगता येत नाही.  माझ्या आत कुणीतरी येऊन बसलं होतं आणि दर घडीला म्हणत होतं, 'पण तर?' ते तू होतीस.

मला खिडकीची भीती वाटत होती. नाव लिहून घेतील, हाकलून देतील, चारचौघांत चोर म्हणतील. आणि कारखाना? माझ्या मनात अजून तो उघडतो गं. रोज सकाळी उठल्यावर थोडा वेळ तो उघडा असतो. कार्ड दाखवलं तर तो कायमचा बंद होईल असं वाटत होतं. आणि न दाखवलं तर शकूचं तोंड भिंतीकडं वळेल. दोन्हीकडून भीती. मी तुला जन्मभर हसले आणि तू हे सगळं रोज अंगावर घेऊन बसमधून जात-येत होतीस.

आज सकाळी मी शकूला कडेवर घेतलं. सहा वर्षांची पोरगी, पण ओझं असं वाटेना. ब्लाउजात कार्ड ठेवलं होतं, ते दर थोड्या वेळानं चाचपून बघत होते. दवाखान्याच्या दारात पाय अडला. आत बायका, पोरं, गिरण्यांतली माणसं, डेटॉलचा वास. खिडकीत एक जाड चष्म्याचा कारकून बसला होता. मी रांगेत उभी राहिले. पुढचा माणूस सरकला की माझं काळीज एक पायरी खाली जायचं. मला परत फिरावंसं वाटलं, खरंच सांगते. शकू माझ्या खांद्यावर कण्हली म्हणून फिरले नाही.

त्यानं कार्ड घेतलं. उलटून बघितलं. म्हणाला, "हा रेडिओचा कारखाना ना? तो बंद पडला की."

 मागं रांगेतली माणसं ऐकत होती. मी म्हटलं, "व्हय." माझा मोर्चातला आवाज कुठं गेला होता कोण जाणे. मला वाटलं आता तो वही काढेल. मी शकूला घट्ट धरलं आणि तुझ्यासारखेच माझे नुसते ओठ हलले, आवाज आला नाही.

त्यानं एक चिठ्ठी फाडली, तीवर काहीतरी खरडलं आणि कार्डासकट माझ्या हातात दिली. "बसा," म्हणाला.

मी तशीच उभी. त्यानं चष्म्यावरून बघितलं. "अहो बाई, बसा की. हाक मारतील."

"कार्ड चालतं का?" मी विचारलं.

"न चालायला काय झालं? तुमचं कापलेलं आहे ना? अजून काही महिने चालतंय." आणि तो मागच्याला म्हणाला, "पुढं या."

एवढंच, नरसू. कुणी नाव लिहून घेतलं नाही. कुणी चोर म्हटलं नाही. मी बाकावर बसले, शकूला मांडीवर आडवं घेतलं आणि माझे गुडघे इतके थरथरायला लागले की ती तापातून विचारते, "आई, तुला बी थंडी वाजायलीय का?" डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त घेतलं, सुई दिली. बाटलीभर लाल औषध दिलं. म्हणाल्या, "बरं झालं, वेळेवर आणलंत."

हे शब्द ऐकून लोक आनंदानं रडत असतील. मीही रडले. पण कशासाठी ते बाईंना कळलं नाही.

शकूला घरी सासूबाईंजवळ झोपवलं आणि मी तशीच निघाले. आपल्या टेबलावरच्या बायकांकडं. एकेकीचं दार वाजवून सांगितलं, कार्ड चालतं. कुणी विश्वास ठेवीना. "खरं? शपथ?" एकीनं तर पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. एकीच्या नवऱ्याचा खोकला संक्रांतीपासून थांबत नव्हता, ती मला मिठी मारून ओरडली की इतके दिवस का नाही सांगितलंस. मला कळलं असतं तर सांगितलं नसतं का गं? मी सांगत गेले आणि प्रत्येक दारात मला एकच भीती वाटत होती. शेवटी तुझी गल्ली येणार होती.

मी दुसऱ्या वाटेनं घरी जाऊ शकले असते. पण व्यंकटअण्णांनी मागाच्या खिडकीतून मला बघितलं. माग थांबला. तो खटखट आवाज एकदम थांबला की कारखान्याच्या गेटवरची ती शांतता आठवते. ते बाहेर आले. दाढी वाढलेली, केसांना कापसाचा भुगा. आत तुझा देव्हारा दिसत होता. कार्ड तिथंच होतं, देवाच्या फोटोला टेकून.

"शकूला कसं हाय अक्का?" त्यांनी विचारलं. "ताप म्हनून ऐकलं."

"बरं आहे. औषध चालू आहे."

"कुठं नेलं?"

मला खोटं सुचलं नाही. म्हटलं, "विम्याच्या दवाखान्यात."

 अण्णा दाराची चौकट धरून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "मग आत घेतलं तुमाला?"

नरसू, काय सांगायचं होतं मी त्या माणसाला? सांग ना. त्यांनी तुला उचलून न्यायला हवं होतं, कार्ड खिडकीत ठेवायला हवं होतं, एवढ्यानं झालं असतं, हे सांगायचं? रोज तो माग सुरू करताना त्यांना ते ऐकू आलं असतं. मग त्यांच्या मागाचा आवाज त्यांना कधीच सहन झाला नसता. माझे ओठ पुन्हा नुसतेच हलले. मग आवाज आला, मोठा, मोर्चातला.

"घेतात कुठले अण्णा! हाकलूनच देत होते. आमच्या मालकांच्या ओळखीचा एक माणूस आत निघाला, त्यानं मागच्या दारानं घेतलं. नाहीतर बंद कारखान्याच्या बाईला कोण उभं करतंय!"

अण्णांनी मान हलवली. पुष्कळ वेळ हलवत राहिले. खांदे सैल पडलेले मला दिसले. "मला वाटलंच," ते म्हणाले. "ती म्हनतच व्हती. बरोबर म्हनत व्हती ती." आत गेले आणि माग सुरू झाला.

आता मला रोज भीती वाटणार आहे. मी आज दारोदार जे सांगत फिरले, ते कुणीतरी एक दिवस त्यांना सांगणारच. पाण्याच्या नळावर, बाजारात, कुठंतरी. तुझ्या गल्लीकडून कुणी आलं की मी आधी त्याचं तोंड बघीन. स्टोव्ह बंद आहे का बघण्यासारखं हे नाही, परत फिरून तपासता येत नाही. पण तू मला भ्यायला शिकवलंस, तर एवढं तुझ्या माणसासाठी भिईन. शकूचा ताप आता उतरायला लागलाय, कपाळ ओलं लागतंय हाताला. सासूबाईंचा गुडघाही उद्या दाखवून आणीन.

खरं फक्त तुला सांगते, नरसू. तिथं माझ्या ओळखीचं कुणीही नव्हतं. मागचं दार मी बघितलंसुद्धा नाही. त्यानं कार्ड घेतलं, उलटून बघितलं, आणि बसा म्हणाला.